पहिली मालिका संपणारी निवडा: कोकणातल्या नवख्यांसाठी ॲनिमेची वाट

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघायचं ठरवलं की पहिला सल्ला बहुतेक वेळा चुकीचा मिळतो. वर्गातला मित्र सांगतो, नारुतो लाव. मुंबईचा चुलतभाऊ मेसेज टाकतो, वन पीससारखं दुसरं काही नाही. दोन्ही मालिका मोठ्या मानाच्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण हिशेब करून बघा. नारुतोचे २२० भाग आणि पुढच्या शिपुडेनचे ५००, मिळून ७२०. एक भाग साधारण २४ मिनिटांचा, म्हणजे एकूण २८८ तास. रोज न चुकता दोन भाग बघितले तरी वर्ष संपतं. वन पीस २० ऑक्टोबर १९९९ रोजी सुरू झाली, अकराशेच्या वर भाग झाले आणि गोष्ट अजून चालू आहे. नवखा माणूस यात शिरतो, साठ-सत्तर भागांपर्यंत पोचतो, मग परीक्षा येते किंवा लावणी सुरू होते, धागा तुटतो आणि 'हे आपलं काम नव्हे' म्हणून तो कायमचा बाहेर पडतो.

म्हणून पहिली मालिका दोन अटींवर निवडा: ती छोटी हवी आणि संपलेली हवी. सुरुवात, मध्य, शेवट असं सगळं एकदा पूर्ण पाहिलं की या माध्यमात गोष्ट कशी उभी राहते ते कळतं. मग लांबच्या प्रवासाला निघायला हरकत नाही.

पहिली निवड

ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांनी मालिकेऐवजी एका चित्रपटाने सुरुवात करावी. दीड-दोन तासांत निकाल लागतो. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा 'पोन्यो' (२००८) हा किनाऱ्यावरच्या माणसांसाठी सर्वांत सोपा दरवाजा. बंदराचं गाव, बोटीवर गेलेला बाप, चढत येणारं पाणी, हे सगळं सुमारे १०० मिनिटांत. समुद्राच्या लाटा त्यात ज्या जिवंतपणे काढल्या आहेत त्या पाहताना देवगड-वेंगुर्ल्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर 'स्पिरिटेड अवे' (२००१), ज्याला २००३ च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. प्रेमकथेची आवड असेल तर माकोतो शिनकाईंचा 'युअर नेम' (२०१६). 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) मात्र पहिल्या आठवड्यात नको. चित्रपट थोर आहे, पण युद्धातल्या दोन भावंडांची ती कथा माणसाला आतून हलवते. लहान मुलांसोबत तर मुळीच लावू नका.

चित्रपट आवडला की मालिका. इथे आवडीप्रमाणे वाटा फुटतात.

डोकं लढवणारी गोष्ट हवी असेल तर 'डेथ नोट': ३७ भाग, २००६-०७. पहिल्याच भागापासून पकड घेते. आमचं मत असं की २५व्या भागानंतर ती पकड सैल होते, पण तरीही शेवटपर्यंत जावं. पूर्ण, भरगच्च आणि जवळजवळ निर्दोष मालिका हवी असेल तर 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड', ६४ भाग. एवढे भाग झेपणार असतील तर पहिली म्हणूनही ही चालेल. दोन भाऊ, एक भयंकर चूक आणि तिची किंमत. एकही धागा लोंबकळत राहत नाही.

गावात व्हॉलीबॉलचं जाळं बांधलेलं असेल, किंवा कबड्डीच्या मंडळात तुमचं नाव असेल, तर 'हायक्यू'. पहिल्या पर्वाचे २५ भाग, २०१४ पासून. बुटका खेळाडू उंचांच्या खेळात कसा उभा राहतो याची ही गोष्ट. रोटेशन, ब्लॉकिंग, लिबेरो असं सगळं खेळाच्या ओघात समजत जातं. कथेचं पुढचं टोक बरंच लांब आहे, पण पहिलं पर्व स्वतंत्रपणेही समाधान देतं. बास्केटबॉलची 'स्लॅम डंक' जुनी आणि लाडकी (१९९३-९६, १०१ भाग). मात्र टीव्ही मालिका राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच थांबते हे माहीत असू द्या. तिथला गाजलेला सामना २०२२ च्या चित्रपटात आहे.

आणि आता दोन-तीन अशा मालिका, ज्या लोकप्रियतेच्या यादीत वर नसतात, पण कोकणात वाढलेल्या माणसाला पहिल्या भागातच ओळखीच्या वाटतात. 'मुशिशी', २६ भाग, २००५-०६. गिन्को नावाचा माणूस गावोगाव फिरतो आणि 'मुशी' नावाच्या, धड प्राणी नाहीत धड वनस्पती नाहीत अशा जीवांमुळे आजारी पडलेल्यांना मदत करतो. प्रत्येक भाग स्वतंत्र गोष्ट. डोंगर, धुकं, पाऊस आणि न दिसणाऱ्या गोष्टींशी माणसाने जपून वागण्याची रीत. राखणदाराला नारळ देणाऱ्या, देवचाराची वाट सोडून चालणाऱ्या घरात वाढलेल्याला हे परकं वाटत नाही. 'नात्सुमेज बुक ऑफ फ्रेंड्स' त्याच जातीची, पण जास्त मायेची. आजीने भुताखेतांची नावं एका वहीत बांधून ठेवलेली असतात आणि नातू ती एकेक करून परत करतो. पहिलं पर्व १३ भागांचं. तिसरी 'बाराकामोन' (२०१४, १२ भाग): शहरातला तापट सुलेखनकार नागासाकीजवळच्या गोतो बेटांवर राहायला जातो आणि वाडीतली पोरं त्याच्या घरात न विचारता शिरतात. चाकरमान्यांनी तर ती जरूर पाहावी.

लोकप्रिय याद्या एकसारख्या का दिसतात तेही समजून घ्या. जपानी मासिकं-साप्ताहिकं वाचकवर्ग ठरवून निघतात. मुलांसाठी शोनेन, मुलींसाठी शोजो, मोठ्या पुरुषांसाठी सेनेन, मोठ्या स्त्रियांसाठी जोसेई. जगभर गाजणाऱ्या मारामारीच्या मालिका बहुतेक शोनेन साप्ताहिकांतून आलेल्या असतात. त्या आवडल्या नाहीत तर ॲनिमे आवडलं नाही असा अर्थ होत नाही. फक्त एक कप्पा आवडला नाही. दुसरा उघडा.

एक भाग कसा बघायचा

२४ मिनिटांच्या भागात सुरुवातीचं गाणं दीड मिनिटाचं आणि शेवटचंही दीड मिनिटाचं. मधे कथा साधारण २० मिनिटं. गाणं पहिल्यांदा पूर्ण बघा, कारण त्यात पुढच्या पात्रांची चाहूल असते. नंतर वाटल्यास पुढे ढकला. शेवटचं गाणं सुरू झाल्यावर लगेच बंद करू नका. बऱ्याच मालिकांत गाण्यानंतर मिनिटभराचा प्रसंग असतो आणि पुढच्या भागाची कळ त्यातच असते. ॲप आपोआप पुढच्या भागावर उडी मारतं, त्यामुळे हे प्रसंग नवख्यांचे हमखास हुकतात. सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोप्ले' बंद करून ठेवा.

'तीन भाग बघ, नाही आवडलं तर सोड' असा एक नियम चाहत्यांमध्ये फिरतो. १२ भागांच्या मालिकेला तो ठीक लागू पडतो. पण 'स्टाइन्स गेट'सारख्या मालिकेत (२०११, २४ भाग) जवळजवळ अर्धी वाट संथ आहे आणि तो संथपणा मुद्दामचा आहे. मधल्या भागांत जे कोसळतं त्याचं वजन त्या निवांत भागांनीच तयार केलेलं असतं. उलट 'मुशिशी'ला एकच भाग पुरतो. तो भावला नाही तर बाकीचे २५ही भावणार नाहीत. एका बसणीत किती? रहस्यकथेचे दोन-तीन चालतात. 'मुशिशी' किंवा 'फ्रीरेन'सारखी संथ मालिका दिवसाला एकच. रात्रभर सलग पाहिलेली मालिका महिन्याभराने आठवत नाही.

क्रम चुकला की गोष्ट फसते

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ॲपवर पर्व, चित्रपट आणि विशेष भाग कसेही पसरलेले असतात आणि नवखा माणूस जे वर दिसेल ते लावतो.

'डीमन स्लेयर'चा क्रम असा: पहिलं पर्व २६ भाग (२०१९), मग मुगेन ट्रेन, मग एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट ११ भाग, स्वोर्डस्मिथ व्हिलेज ११, हाशिरा ट्रेनिंग ८, आणि त्यानंतर इन्फिनिटी कॅसलचा चित्रपट, जो भारतात १२ सप्टेंबर २०२५ रोजी लागला. मुगेन ट्रेन दोन रूपांत मिळते: २०२० चा चित्रपट किंवा टीव्हीसाठी केलेले ७ भाग. दोन्हींत गोष्ट तीच, त्यामुळे एकच पाहा. पण ती वगळून पुढे गेलात तर पुढच्या पर्वातलं दुःख कशाचं आहे तेच कळणार नाही. चित्रपट म्हणजे जोडकथा असेल असं समजून लोक वगळतात, तिथेच चूक होते. या मालिकेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: कथा साधी, सरळ रेषेतली, पण युफोटेबल स्टुडिओचं दृश्यकाम इतक्या ताकदीचं की पहिल्या पर्वातला १९वा भाग संपल्यावर माणूस गप्प बसतो.

'जुजुत्सु कायसेन'मध्ये पहिलं पर्व २४ भाग, मग 'शून्य' आकड्याचा चित्रपट, मग दुसरं पर्व २३ भाग. चित्रपटातली घटना काळाने आधीची आहे, पण पाहायची पहिल्या पर्वानंतर. 'अटॅक ऑन टायटन'चं शेवटचं पर्व तुकड्यांत आलं. १६ भाग, १२ भाग, आणि २०२३ मध्ये दोन लांब विशेष भाग, त्यातला शेवटचा नोव्हेंबरमध्ये. नावात 'फायनल' शब्द वारंवार येतो, त्यामुळे लोक एखादा तुकडा गाळून शेवटाला जातात. भागांच्या प्रसारणाच्या तारखा बघून क्रम लावा. ही मालिका संपल्यावर पहिला भाग पुन्हा बघावा. किती गोष्टी तिथेच पेरून ठेवल्या होत्या ते तेव्हाच दिसतं.

'फुलमेटल अल्केमिस्ट' दोन आहेत. २००३ ची ५१ भागांची मालिका आली तेव्हा मूळ मांगा (जपानी चित्रकथा) पूर्ण झाली नव्हती, म्हणून तिने स्वतःचा वेगळा शेवट रचला. २००९ ची ब्रदरहूड मूळ मांगाप्रमाणे जाते. आधी ब्रदरहूड पाहा. जुनी नंतर, वेगळी कलाकृती म्हणून.

आता फिलर, म्हणजे भरतीचे भाग. आठवड्याला एक भाग टीव्हीवर जायचा आणि मांगाचंही आठवड्याला एकच प्रकरण यायचं. एका भागात एकाहून जास्त प्रकरणं खपायची. मालिका मांगाला गाठायला लागली की स्टुडिओ मूळ कथेत नसलेले भाग घालून वेळ काढायचा. नारुतोच्या पहिल्या मालिकेत १३५व्या भागानंतर २२०पर्यंत जवळजवळ सगळे भाग असेच आहेत. पहिल्यांदा बघताना ते वगळून शिपुडेनवर या, काही बिघडत नाही. फिलरच्या याद्या सहज मिळतात, पण ज्या यादीत पुढच्या भागांची शीर्षकं दिसतात ती लांबूनच बघा. शीर्षकातच कोण मरतं ते लिहिलेलं असतं. हल्लीच्या मालिका १२-१३ किंवा २४-२५ भागांची पर्वं करून मधे थांबतात, म्हणून त्यांत फिलर जवळपास उरलेले नाहीत.

जपानी आवाज की हिंदी डब

चाहत्यांमध्ये यावर भांडणं होतात आणि ती निरर्थक आहेत. ज्याला इंग्रजी उपशीर्षकं भरभर वाचता येतात त्याने जपानी आवाज घ्यावा, कारण तिथले आवाज-कलाकार खरोखर मोठे आहेत. ज्याची नजर खाली वाचण्यात अडकते आणि चित्र हुकतं, त्याने हिंदी डब घ्यावा. आईबाबा किंवा आजी सोबत असतील तर डबच. 'स्पाय एक्स फॅमिली' आणि 'सोलो लेव्हलिंग' हिंदीत चांगल्या डब झाल्या आहेत. मात्र एक मालिका एकाच आवाजात पूर्ण करा. मधेच बदललंत तर पात्र अनोळखी वाटू लागतं.

डब लावल्यावरही उपशीर्षकांचा पर्याय तपासा. पडद्यावरच्या पाट्या, पत्रं, मेसेज यांचा अर्थ वेगळ्या पर्यायात दिलेला असतो. तो बंद असेल तर 'डेथ नोट'मधल्या वहीतला मजकूर कळणार नाही.

नेट, पाऊस आणि गेलेली लाईट

बघण्याच्या अधिकृत जागा: क्रंचीरोल, नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, आणि फुकटात यूट्यूबवर म्युझ एशिया व म्युझ इंडिया या वाहिन्या. मियाझाकींच्या घिब्ली स्टुडिओचे चित्रपट २०२० पासून नेटफ्लिक्सवर आले. कोणती मालिका कुठे आहे ते बदलत राहतं, म्हणून वर्षाचे पैसे भरण्याआधी हव्या त्या तीन मालिका तिथे आहेत का ते शोधून पाहा. एक महिना घ्या, यादी संपवा, बंद करा, दुसरीकडे जा. चोरीच्या साइटवर जाऊ नका. फसवी बटणं आणि फोनमध्ये शिरणारी भलती ॲप हा एक धोका. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: भारतात प्रेक्षक आहेत हे दिसलं तरच चित्रपट इथे लागतात आणि डब होतात. २०१९ मध्ये ५० हजारांहून जास्त भारतीय चाहत्यांनी ऑनलाइन याचिकेवर सह्या केल्या आणि शिनकाईंचा 'वेदरिंग विथ यू' त्या ऑक्टोबरात इथल्या थिएटरांत आला.

डेटाचा अंदाज: नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे साध्या दर्जात तासाला १ जीबीपर्यंत, एचडीत ३ जीबीपर्यंत. म्हणजे २४ मिनिटांच्या एका भागाला साध्यात सुमारे ४०० एमबी, एचडीत १.२ जीबी. रोज दीड जीबीचं पॅक असेल तर साध्या दर्जात तीन भाग, एचडीत एकच. फोनच्या छोट्या पडद्यावर साधा दर्जा पुरेसा आहे. एचडी राखून ठेवा ती चित्रपटांसाठी.

जून ते सप्टेंबरमध्ये वाडीत लाईट आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे डाउनलोडची सवय लावा. जिथे रेंज चांगली, म्हणजे तालुक्याच्या गावात, कॉलेजात किंवा सड्यावर, तिथे चार-पाच भाग उतरवून घ्या. दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली, डाउनलोडला मुदत असते. काही शीर्षकं पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तासांत संपतात, म्हणून भाग 'उघडून बघू चालतो का' असं करू नका. दुसरी, क्रंचीरोलच्या सगळ्या योजनांत डाउनलोड नसतं. योजना घेताना 'ऑफलाइन' शब्द आहे का ते वाचा. घरात वायफाय असेल तर राउटरला छोटा १२ व्होल्टचा बॅकअप लावता येतो. लाईट गेल्यावर तासाभराचं काम होतं, पण गावातल्या जोडणीचं मधलं यंत्रही बंद पडलं तर त्याचा उपयोग नाही.

चालू मालिका आणि वेळेचं गणित

जपानमध्ये नव्या मालिका वर्षातून चार वेळा सुरू होतात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास. रात्री उशिराचे कार्यक्रम तिथे २४च्या पुढे आकडा नेऊन लिहितात. 'शनिवार २५:३०' म्हणजे तिथली रविवारची पहाटे दीड, म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्री दहा. भाग ॲपवर यायला त्यानंतर अर्धा-एक तास लागू शकतो. नवख्याने एका वेळी एकच चालू मालिका धरावी आणि बाकी वेळ संपलेल्यांना द्यावा. हंगामात दहा-दहा मालिका धरणाऱ्यांना कुठल्या मालिकेत काय घडलं ते सांगता येत नाही.

माजघरात टीव्ही असतो तेव्हा

'कार्टून म्हणजे पोरांचं' ही समजूत घरोघरी आहे. त्यातून दोन अडचणी येतात. मोठे हसतात, आणि लहान मुलं 'अटॅक ऑन टायटन'समोर येऊन बसतात. दुसरी जास्त गंभीर. वयाचं मानांकन प्रत्येक शीर्षकाजवळ असतं, ते वाचा. आपल्या प्रोफाइलला पिन लावा. शाळकरी भाचरं असतील तर 'माय नेबर टोटोरो' (८६ मिनिटं) लावा. 'डीमन स्लेयर'मध्ये रंग खेळकर असले तरी रक्त भरपूर आहे. काही मालिकांत बायकांच्या अंगाचं प्रदर्शन कारण नसताना येतं. तेही आधी तपासा आणि तशी मालिका आवडत नसेल तर सरळ तसं म्हणा. आवडत्या माध्यमातला दोष दाखवणं हे निष्ठेच्या विरुद्ध नाही.

मोठ्यांना पटवायचं असेल तर त्यांच्याच आठवणीतून जा. दूरदर्शनवरचा मोगली हा निप्पॉन ॲनिमेशनने १९८९-९० मध्ये केलेला ५२ भागांचा ॲनिमे होता. युगो साको आणि राम मोहन यांचा रामायणावरचा भारत-जपान चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा थिएटरांत लागला होता. तो आजीसोबत पाहता येतो.

मांगा: वाचायची आणि टिकवायची

पुस्तक आपल्या शेवटाकडून उघडायचं, पान उजवीकडून डावीकडे, चौकटीही उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली. पहिली वीस पानं डोळे अडखळतात, मग बसतं. शुएइशा या जपानी प्रकाशनाचं मांगा प्लस ॲप २०१९ पासून आहे. त्यावर चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट वाचता येतात. 'शोनेन जंप' साप्ताहिकाची नवी प्रकरणं रविवारी रात्री साडेआठला येतात. ऑगस्टच्या मध्यात आणि नववर्षाला साप्ताहिक सुट्टी घेतं, तेव्हा ॲप बिघडलं असं समजू नका. ॲनिमे जिथे संपलं त्याच्या दोन प्रकरणं आधीपासून वाचायला घ्या, म्हणजे सांधा नीट जुळतो.

छापील खंड घेणार असाल तर कोकणातला पाऊस आधी लक्षात घ्या. मांगाचा कागद जाड, सच्छिद्र आणि हलका असतो, तो दमट हवेत पाणी ओढतो. पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवलेले खंड सप्टेंबरपर्यंत फुगतात, कडेला बुरशीचे ठिपके येतात आणि कसर लागते. उपाय: मेअखेर कडक उन्हाच्या दिवशी, पण सावलीत, खंड उघडे करून वारा द्या. झाकणाला रबर असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात उभे ठेवा आणि मध्यम डब्यात सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन-तीन पुड्या टाका. रंग बदलणारं जेल घ्या, रंग बदलला की कढईत मंद आचेवर वेगळं तापवून पुन्हा वापरता येतं. त्या कढईत नंतर स्वयंपाक करू नका. ओलसर पुस्तक डब्यात कधीच बंद करू नका, आतल्या आत सडतं.

पीव्हीसीच्या मूर्ती बंद खोक्यात, उष्ण जागी ठेवल्या की चिकट होतात, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ बाहेर येतो. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, हवा लागेल अशा फळीवर ठेवा.

पहिला कॉस्प्ले

कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घेणं. चिलखत, पंख, भलीमोठी कुऱ्हाड हे सगळं नंतर. पहिला पोशाख शिवून होणारा घ्या. 'हायक्यू'ची जर्सी सर्वांत सोपी. 'डीमन स्लेयर'मधल्या तान्जिरोचा हिरवा-काळा चौकड्यांचा हाओरी (वरून घालायचा सैल जपानी अंगरखा) गावच्या शिंप्याकडूनही होतो: ४४ इंच पन्ह्याचं सुती पॉपलिन, मोठ्या माणसासाठी दोन्ही रंग मिळून साडेतीन ते चार मीटर, चौकडा ८ ते १० सेंटिमीटरचा. चौकडे रंगवू नका, तुकडे जोडून शिवा. दमट हवेत घामाने रंग उतरतो. साटिन चमकतं म्हणून लोक घेतात आणि तासाभरात अंगाला चिकटून बसतं.

तलवारीसाठी ईव्हीए फोम १० मिलिमीटरचा, नक्षीसाठी २ मिलिमीटर. फेविकॉल एसआरसारखा रबरी डिंक दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-बारा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. पावसाळ्यात हीच वेळ दुप्पट होते. ओला असताना जोडलात तर सांधा दुसऱ्या दिवशी उघडतो. रंगाआधी हीट गनने फोमचा पृष्ठभाग बंद करून घ्या, नाहीतर रंग आत शोषला जातो. पांढऱ्या फेविकॉलचा अस्तर-थर पावसात वाळत नाही, चिकट राहतो. ते काम हिवाळ्यात करा. धातूचं पातं कुठल्याही कार्यक्रमात चालत नाही आणि रेल्वेतही अडचण होते. चेहऱ्याच्या रंगाबद्दल शंका असेल तर दशावताराच्या रंगपटात बसणाऱ्या माणसाला विचारा. घामात रात्रभर रंग टिकवण्याचं ज्ञान त्याच्याइतकं कुणाकडे नाही.

चाहत्यांमध्ये वावरताना

ताजा भाग आल्यावर निदान आठवडाभर कथा उघड करू नका. स्टेटसला शेवटच्या चौकटीचं चित्र टाकणं हेही उघड करणंच आहे. मांगाची पानं आठवड्याच्या मध्यालाच चोरून बाहेर येतात. ती पसरवू नका. स्वतः जपायचं असेल तर मालिका संपेपर्यंत तिच्या नावाने व्हिडिओ शोधू नका, कारण शोधपट्टीतच सूचनांमध्ये मृत्यू लिहून येतात.

कोण कोणाला हरवेल या वादात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी एखादा प्रसंग का लागला ते सांगा: कॅमेरा कुठे होता, आवाज कधी थांबला, पात्राने काय बोलायचं टाळलं. न पाहिलेल्या मालिकेला वाईट म्हणू नका, आणि अर्धी पाहिली असेल तर तेवढं सांगून मत द्या.

गावात सोबती मिळत नसतील तर गणपतीत मिळतात. मुंबई-पुण्याची भावंडं आलेली असतात, आरतीनंतर रात्र मोकळी असते. त्या वेळी १०० मिनिटांच्या आसपासचा, हिंदी किंवा सोप्या उपशीर्षकांचा चित्रपट घरच्या घरी लावा. मंडळाच्या मांडवात लावायला वेगळी परवानगी लागते, घरच्या सदस्यत्वावर ते चालत नाही. फोनवर उतरवलेला चित्रपट बऱ्याच ॲपमधून टीव्हीवर टाकता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर, त्याच केबलने दोन मिनिटं चालवून बघा. जमत नसेल तर लॅपटॉप चार्ज करून ठेवा, आवाजासाठी छोटा स्पीकर घ्या आणि पोरांना पुढे बसवा.